शंभर वेळा ओतून पाहिलेली किटली

नाही नाही, त्या खुर्चीवर नको हो — ती सातवीच्या पोरांनी केलीय, तिचा एक पाय अजून परीक्षेला बसलाय — इकडे या, या बाकावर, हा कुणालाही पेलतो. मुख्याध्यापिका येतीलच म्हणाल्यात, पण त्यांचं ‘येतीलच’ म्हणजे अर्धा तास धरा. सभागृहात अजून खुर्च्या लावतायत, माइक खरखरतोय, तुमच्या ऑफिसची ती चार माणसं कॅमेरा कुठे ठेवायचा यावरून भांडतायत — होऊ दे सगळं सावकाश. तुम्ही आपले वेळेआधी आलात. पूर्वी नव्हती हो ही सवय — काही नाही, म्हटलं मोठी माणसं सहसा वेळेआधी येत नाहीत. दार लोटून घेते, बाहेर फार गोंगाट आहे. चहा? चहा नंतर. चहाचं माझ्या मनात आहे काहीतरी.

मी कोण? मी इथली कार्यशाळेची बाई. पोरं माझ्यामागे मला कात्रीबाई म्हणतात, ही बघा, गळ्यात दोरीला बांधलेली, झोपतानाच काय ती उतरते. आणि तुमच्या पत्रकात ज्याला ‘बालवयात प्रॉडक्ट डिझाइनची ओळख’ असं भारदस्त नाव आहे ना, त्याला आम्ही इथे वस्तूचा तास म्हणतो. आठवड्यातून दोनदा, चाळीस पोरं, बारा कात्र्या. तुमची पुस्तिका वाचली मी — हो तर, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, तुमचा फोटोसुद्धा वाचला — चौदा पानं आणि नुसते गोल गोल बाण. माझ्याकडे बाण नाहीत. त्या भिंतीवर बघा, पाच पाट्या. विचारा. बघा. काढा. पुठ्ठ्यात करा. मोडून बघा. संपलं. बाकी सगळं पोरं आपसूक शिकतात, आपण फक्त मध्ये मध्ये लुडबुड करायची नाही.

आता ‘विचारा’ म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी एकूण एक पोराला उडणारं दप्तर करायचं असतं. म्हटलं, कुणी मागितलंय? मग दोघांना पाठवलं फाटकावरच्या रखवालदाराकडे, जा, त्याला काय हवंय विचारून या. गेली, आली, तोंडं ही एवढी फुललेली — ‘बाई, काकांना छत्रीवाली खुर्ची हवीय!’ काय विचारलंत रे? तर म्हणे, ‘काका, तुम्हाला छत्रीवाली खुर्ची आवडेल ना?’ आता काका बिचारा कशाला नाही म्हणतोय! परत पिटाळलं. म्हटलं, काय आवडेल ते विचारायचंच नाही, आज दिवसभरात हात कुठे अडला ते विचारा, आणि मग तोंड बंद करून तासभर नुसतं बघत बसा. तेव्हा कळलं, की फाटकाची कडी प्रत्येक वेळी त्याच्या अंगठ्यावर बसते, नख काळंठिक्कर पडलेलं. त्याच फाटकातून आम्ही रोज जातो-येतो, पण कुणाच्या बापाला ते नख दिसलं नव्हतं. मग केली पोरांनी कडीला मूठ. पहिली पुठ्ठ्याची, ती दुपारपर्यंत टिकली नाही. दुसरी पावशेर जड झाली. तिसरी काकांनी हातात घेतली आणि हसायलाच लागले. चौथी बसली. आज येताना काढली असेल त्यांनी तुमच्या गाडीसाठी तीच कडी — बघितलीत का? नाही बघितलीत. चालायचंच.

आणि ‘काढा’ची तर गंमतच आहे. आमच्याकडे एक चित्रकार आहे, पाण्याची बाटली अशी काढतो की उचलून तोंडाला लावावी, वर उजेडाची चमकसुद्धा दाखवतो. त्याला म्हटलं, आता हीच पुठ्ठ्यात कर — रडायला लागला. का? तर पुठ्ठ्यात तिचं तोंड वाकडं होतं म्हणून. चित्रावर जीव जडतो हो. चित्र सुंदर झालं की वाटतं वस्तूच सुंदर झाली. बाराव्या वर्षी जडलेला जीव सोडवता येतो, दोन दिवस रुसतात, तिसऱ्या दिवशी डिंक घेऊन बसतात. पन्नाशीच्या माणसाचा कोण सोडवणार? तुम्हाला नाही म्हणत मी. तुम्ही का एवढे सावरून बसलात?

ती खालची लाल पाटी? ती छापील नाही, ती माझ्या हातची. ‘गरम पाण्यानं.’ हो, एवढंच लिहिलंय. पोरं पहिल्या दिवशी विचारतात, बाई, गरम पाण्यानं काय? तेव्हा मी त्यांना त्या टेबलावरची, फडक्याखालची वस्तू दाखवते. तुम्हीच काढा ना फडकं. प्रमुख पाहुणे आहात, अनावरण तुमच्याच हस्ते व्हायला हवं. काढा हो, चावत नाही ती — हं. ओळखलीत. बघा, काय रंग उतरला चेहऱ्याचा! पिवळी धमक, विजेवरची, मान बाकदार, अंगावर कुठे एक रेघ जास्त नाही. अकरा वर्षं झाली तरी सुंदरच दिसते मेली. आणि आता माझ्याकडे बघा. बघा नीट. चष्मा लागला, केस गेले, अंगानं दुप्पट झाले — पण ‘ए चाचणीवाली’ म्हणून हाक मारलीत तर आजही ओ देईन मी. बसा. उठू नका. मुख्याध्यापिका आल्याशिवाय तुम्ही जाणार तरी कुठे, आणि सभागृहाचा रस्ता याच खोलीतून आहे.

आठवतंय ना? नमुन्यांच्या खोलीत आम्ही दोघं-तिघं, आणि वर काचेच्या खोलीत तुम्ही. किटलीचा पहिला नमुना मी केला होता, या हातांनी, झाकणाला पितळेची खिट्टी होती — टक् करून बसायची. तुम्ही आलात, किटली अशी लांब धरलीत आणि म्हणालात, ‘ही खिट्टी डोळ्यात खुपते.’ काढली. तिच्या जागी आली प्लॅस्टिकची, नखाएवढी, आतल्या बाजूला, दिसूच नये अशी. मी म्हटलं, साहेब, वाफेनं ही मऊ पडेल. तुम्ही म्हणालात, चाचणी कशाला असते मग? आणि चाचणीची वेळ आली तेव्हा प्रदर्शन दुसऱ्या दिवशी. शंभर वेळा भरायची, शंभर वेळा ओतायची असा नियम. दर वेळी पाणी उकळायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. तुम्ही दारातूनच म्हणालात — आत नाही हो आलात, दारातूनच — ‘नळाचं भर. पाणी ते पाणीच.’ नळाचं भरलं. कागदावर सही झाली. किटली प्रदर्शनात गेली, लोक वेडे झाले, तुमचा फोटो आला किटलीला गालाशी धरून.

पहिल्या शंभरातली एक मी घरी नेली. ताईला. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची, ताई अठराची — तिनं मला वाढवलं, कपडे शिवून शिवून. हात असा होता तिचा, खडूची रेघ न मारता कापड कापायची, सरळ, सूत इकडे नाही की तिकडे नाही. तिला म्हटलं, ही बघ, मी केलेली वस्तू दुकानात आलीय. तिनं ती जपून वापरली, दोन-तीन दिवसांआड, महिनाभर. मग एका सकाळी ओतताना झाकण उघडलं. उकळतं पाणी, सगळंच्या सगळं, उजव्या हातावर आणि मांडीवर. तीन महिने दवाखान्यात होती. हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत — अजून नाहीत. कात्री धरता येत नाही तिला. ही माझ्या गळ्यातली कात्री कुणाची वाटली तुम्हाला? आणि ही किटली, जिला तुम्ही आता बोटसुद्धा लावायला तयार नाही, ही तीच आहे. टाकून दिली नाही मी. घासून पुसून ठेवली.

चौकशी झाली तेव्हा तुम्ही काय लिहून दिलंत ते पाठ आहे मला. ‘माझं काम रेखाटनापुरतं. चाचणीशी माझा संबंध नाही.’ दोन ओळी. दोन ओळींत तुम्ही नामानिराळे झालात आणि सगळं खापर फुटलं चाचणीवालीच्या डोक्यावर. मला काढलं. बाकीच्या किटल्या गुपचूप परत घेतल्या, कुठे ब्र नाही, आणि दोनच महिन्यांत तुम्हाला कुठल्याशा दिव्याच्या डिझाइनसाठी बक्षीस. मी दवाखान्यात ताईला भरवत होते, समोर टीव्हीवर तुम्ही. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं, या माणसाला मी एक दिवस चारचौघांत उभा करणार. घाई नाही केली. इथे नोकरी मिळाली, वस्तूचा तास मिळाला, आणि दर वर्षी पहिला धडा ही किटली. आठ वर्षं, दर वर्षी चाळीस पोरं. नाव नाही सांगितलं मी तुमचं, कधीच नाही. राखून ठेवलं. मग यंदा तुमची ती मुलांना डिझाइन शिकवायची मोहीम निघाली, पुस्तिका आली, आणि मी म्हटलं, चला, स्वतःच्या पायांनी येतोय. निमंत्रणाचं पत्र मुख्याध्यापिकांच्या सहीचं होतं, पण मजकूर माझा होता हो. ‘आपल्यासारख्या द्रष्ट्या’ वगैरे.

आता काय होणार ते ऐका, म्हणजे ऐनवेळी गडबड नको. पोरं तक्ते दाखवतील. मग कुणावर उडू नये म्हणून काचेच्या मागे किटली ठेवतील, उकळत्या पाण्यानं भरलेली, आणि सांगतील — पाहुण्यांनी स्वतः ओतून बघावी. तुम्ही ओताल. कितव्यांदा तरी झाकण उघडेल, ते उघडतंच, आम्ही तसलीच नवी खिट्टी बसवून बघितलंय, अकराव्या वेळेला उघडतं. मग शेवटचा तक्ता, त्यावर तुमचा किटली गालाशी धरलेला फोटो. पालक आहेत, इतर शाळांचे शिक्षक आहेत, पहिल्या रांगेत ताई आहे. आणि कॅमेरा तुमचाच. असं मी वर्षभर डोक्यात घोळवत होते बघा, रोज, भाजी चिरताना, बसमध्ये, वह्या तपासताना. वर्षभर काय, अकरा वर्षं.

पण एक चष्मेवाली आहे. यंदाच्या सातवीत. बोलायला लागली की समोरच्याला घाम फोडते. मागच्या महिन्यात उभी राहिली — ‘बाई, तुम्ही म्हणता आधी वापरणाऱ्याला विचारा. किटलीच्या वेळी आपण कुणालाच विचारलं नाही.’ आठ वर्षांत एका पोराच्या डोक्यात आलं नव्हतं हे! माझ्या तरी कुठे आलं? आलं असेल, मी येऊ दिलं नसेल. आता नाही म्हणणार कशी, भिंतीवर पहिली पाटी तीच. नेलं चौघांना घरी, ताईकडे. मी कोपऱ्यात स्टुलावर, मूग गिळून, कारण शिक्षकानं मध्ये बोलायचं नाही हा नियम माझाच. चष्मेवालीनं विचारलं, ‘किटली वापरताना तुमचा हात कुठे अडला?’ आणि ताई म्हणाली — अगदी सहज, आज काय भाजी केली सांगावं तसं — म्हणाली, ‘दुसऱ्याच आठवड्यात झाकण सैल वाटलं होतं गं मला. मी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, ताई, शंभर वेळा ओतून बघितलीय, मी स्वतः. मग मी वापरत राहिले.’

अकरा वर्षांत हे वाक्य ताईनं माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं, एकदाही नाही, ताप आला तेव्हा नाही, भांडलो तेव्हा नाही. मला वाटलं विसरली असेल. मी तर विसरलेच होते — खोटं, विसरले नव्हते. पोरांनी लिहून घेतलं. धाकटी म्हणजे कोण हे चष्मेवालीनं विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, ‘बाई, आपण दर वेळी गरम पाण्यानंच तपासतो. एकदा थंड पाण्यानंही शंभर वेळा ओतून बघू, त्यांनी बघितली तशी.’ म्हटलं, कशाला, थंडात काही होत नसतं. हे मी कशावरून म्हणतेय? तर मी स्वतःला तेच सांगत आलेय, की नळाच्या पाण्यानं शंभर काय, हजार वेळा ओतली असती तरी झाकण उघडलं नसतं, दोष त्या पाण्याचा, म्हणजे दोष तुमचा, मी काय, मी सदतीस वेळा ओतली काय आणि —

शंभर. शंभरच म्हटलं मी. काय बघताय? बरं. सदतीस. ऐका, तुम्हालाही ठाऊक नाहीये हे, कुणालाच नाही. सदतिसाव्या वेळेला मनगट भरून आलं, किटली खाली ठेवली आणि शंभर लिहून सही ठोकली. घाई होती? घाई होतीच. पण तुम्ही त्या दिवशी दारातून आणखी एक म्हणाला होतात, आठवतंय? ‘उद्या प्रदर्शनात पाटीवर तुझंही नाव घालू.’ मला नवा ड्रेस शिवून घ्यायचा होता ताईकडून. दुकानं बंद व्हायच्या आत कापड घ्यायचं होतं. नाव काही नव्हतं हो पाटीवर. मी प्रदर्शनात तीनदा फिरून बघितलं, नव्या ड्रेसमध्ये.

आणि पोरांनी ओतली. थंड पाण्यानं, आळीपाळीनं, दोन दिवस, एक रेघ एकदा अशा रेघा मारत. बावन्नाव्या वेळेला उघडलं झाकण. नळाच्या पाण्यानं! नुसत्या उघडझापेनंच झिजते ती खिट्टी. दुसरी खिट्टी लावून परत केलं — एकोणपन्नास. म्हणजे आणखी बारा वेळा, फार तर पंधरा वेळा मी ती मेली किटली उचलली असती तर ताईचा हात आज —. हा बघा तो तक्ता. गुंडाळून ठेवलाय मी सकाळपासून. खाली वाचा, चष्मेवालीचं अक्षर आहे, टपोरं. ‘शंभर वेळा ओतली असती तर झाकण उघडलं असतं. म्हणजे ओतली नसावी. तपासणाऱ्या व्यक्तीला विचारणे बाकी.’ आणि त्याखाली ही चौकट, ‘बाईंनी तपासले — सही’. सगळ्या तक्त्यांवर केली सही, यावर नाही. तिनं आणून दिला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘बाई, तुम्ही म्हणाल तर ही ओळ काढते.’ बारा वर्षांची पोर. मी म्हटलं, सकाळी सांगते. आणि सकाळी सातपासून कात्री हातात घेऊन बसलेय. तीन बोटं रुंद पट्टी. एक घाव आणि खाली तुम्ही एकटे उरता, साहेब, सगळं सभागृह तुमच्यावर, मी अशी साळसूद बाजूला, अकरा वर्षं वाट बघितलेली माझी दुपार. अजूनही ठरत नाहीये माझं.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं. — कापून टाका. बरं. — आणि फोटोही नको, ओतायचंही नको, दोघांचंही झाकलेलं राहील, मुलांचं मन कशाला —. अहाहा. किती पटकन सुचलं हो! आवाज तोच, अगदी दारातून बोलल्यासारखा. पोरांच्या मनाची काळजी तुम्ही करू नका. त्यांना मोडलेल्या वस्तूची सवय आहे.

पेन आहे ना खिशात? तुमच्या खिशात असतंच, महागातलं. द्या. द्या इकडे. — हं. ही झाली सही. नाव पूर्ण लिहिलंय, वाचता येईल असं. उपकार झाले तुमचे, खरंच, तुम्ही आला नसतात तर मी बहुतेक कापली असती.

आता इकडे बटण दाबते. पाणी भरलेलंच आहे. फार वेळ नाही लागत, ते मात्र चांगलं केलं होतंत तुम्ही. — बाहेर ऐकलंत? बोलावतायत. पहिला प्रश्न मला आहे, चष्मेवाली विचारेल आणि मी सांगेन, सदतीस, ताईच्या तोंडावर सांगेन, मग तिला जे करायचं ते करू दे. दुसरा प्रश्न तुम्हाला. तेव्हा ‘माझं काम रेखाटनापुरतं’ म्हणून बघा त्या चाळीस जणांना, सोलून काढतील. — उकळलं. ऐका, खळखळतंय कसं. चला, उठा. तक्ता मी घेते, किटली तुम्ही. नाही, मुख्याध्यापिका नाही उचलणार, पोरं नाही उचलणार, तुम्हीच. काय शोधताय? हातमोजे? ते मुलांसाठी आहेत. ताईच्या हातात कुठे होते? उचला. दार मी धरते.